ळ

शिफाने आणलेला तक्ता हिंदी होता.
पारदर्शक प्लास्टिक, त्यावर अक्षरांची घरं.
ती पलीकडून बोट फिरवते, ओळ विचारते,
मी डोळे वर नेतो: हो.
मग ओळीतलं घर. पुन्हा डोळे वर.
एका शब्दाला एक चहा निवतो.

जोडाक्षरं महाग, ती सोडली.
"प्रिय" लिहीत नाही, "मित्र" लिहीत नाही.
कुमुदला नुसतं "तू".

छत्तीस वर्षं हिंदी दैनिकात प्रूफं तपासली,
रात्रपाळी, शेवटची आवृत्ती, खिशात लाल पेन.
दुसऱ्यांच्या वेलांट्या उचलून जागेवर ठेवल्या
आणि पगारपत्रकावर स्वतः पिंगले राहिलो.
रामबागेत पिंगळे, प्रेसमध्ये पिंगले,
सायकल पुलावर येईतो नाव बदललेलं असे.
एका अक्षराची काय तक्रार करायची.

आता दर गुरुवारी सहा जण बसतात, एकाच टेबलाशी.
आधी सहा रांगा होत्या, तीन मजले,
आणि फाइल उराशी धरून
लिफ्टची वाट बघणारी कुमुद.
आता मी मध्ये, फिरायचं ते त्यांनी.
डॉक्टर छाजेड जिभेची थरथर बघतात.
बिजू रात्रीच्या मशीनचे आकडे वाचतो,
किती तास मुखवटा, किती हवा निसटली.
सलूजा मॅडम वजन विचारतात, मग पाण्याची दाटी:
"मधासारखं, अंकल, दह्यासारखं नाही."
पोह्यांचं नाव कोणी काढत नाही. सभ्य माणसं.
रजनीश माझा अंगठा उघडतो, मिटतो,
बंद दुकानाचं शटर तपासावं तसा.
मालवीयजी मला काहीच विचारत नाहीत.
ते कुमुदला विचारतात, झोपलात कधी?
पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती
टेबलावरचा पेपरवेट नुसता सरकवत राहिली.

पोटातल्या नळीबद्दल त्यांच्यात दोन मतं आहेत.
माझ्यासमोर भांडतात. मला ते आवडतं.
प्रूफ दोघांनी वाचावं, असा आमच्याकडे नियम होता.

एक शब्द मात्र अडला होता.
मार्चमध्ये लिहायला घेतला: व, मात्रा,
आणि जे घर तक्त्यावर नव्हतंच
त्याच्याऐवजी ल.
वेल किती?
शिफा गोंधळली. कुमुद म्हणाली,
गच्चीतल्या गोकर्णीचं विचारतायत,
आणि घरी गेल्यावर माझी खुर्ची तिच्यापुढे लावली.
चार नवी पानं होती. मी मोजली.
तिला कळलं होतं, असं मला वाटतं.
मीही दुरुस्त केलं नाही,
जाणूनबुजून सोडलेली ही पहिली चूक.

मग मे. कुठल्याशा कागदावर कुमुदची सही.
"आंटी, ये कौन-सा अक्षर है?"
कुमुदने हवेत काढून दाखवलं,
दोन वाटोळी, शेजारी शेजारी.
बिजू खुर्चीतून उठलाच: "ये तो हमारे पास भी है!"
केरळ, तो म्हणाला, केरळ, केरळ,
आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं.
कोणालाच धड जमलं नाही.

शिफाने मार्कर उघडला. घरं सगळी भरलेली,
म्हणून ज्ञच्या पलीकडे, समासात,
तिने ते काढलं, जरा तिरकं.
हंसपद मी मनात घातलं.

सगळे थांबले. आता नाव लिहिणार,
असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.
व.
मात्रा.
मग समास.
वेळ किती?

रजनीशने घड्याळ पाहिलं, "बारा बीस, अंकल,"
आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली गेला.
सलूजा मॅडमनी कुमुदचा हात धरला होता, केव्हापासून कोण जाणे.
डॉक्टर छाजेडांनी पेनाला टोपण लावलं,
खुर्ची माझ्या गुडघ्यांपर्यंत ओढली.
"हिंदी में बताऊँ, पिंगड़ेजी?"

मी डोळे वर नेले.